मधला आवाज

आष्ट्याच्या आमच्या कॉलेजात चेलो, म्हणजे बसून वाजवायचं भलंमोठं व्हायोलिन, आला तेव्हा टेम्पोवाल्याने विचारलं, हे कपाट कुठं ठेवायचं. काळी पेटी, माझ्या खांद्याला लागेल एवढी उंच. उदयसिंह सरांनी ती स्वतः उतरवून घेतली आणि म्हणाले, ज्याला याला मिठी मारून बसता येईल त्याचं हे वाद्य. मी पुढं झाले. तोवर मी फक्त हार्मोनियम वाजवली होती आणि घरच्या उसात ट्रॅक्टर चालवला होता.

सर फौजेच्या बँडमधून निवृत्त झालेले. बँडवाल्यांना वेळ पडली की जखमी जवान उचलून आणावे लागतात. अशाच एका कामात बर्फानं त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं बधिर झाली, ती कायमचीच. वाजवणं सुटलं, म्हणून ते शिकवायला लागले. ते सांगायचे, बँडमध्ये समोर काठी घेऊन उभा असलेला माणूस सगळ्यांना सांभाळतो. पण एका खोलीत चौघांनी बसायचं, कुणी सांभाळणारा नाही, फक्त एकमेकांचा श्वास ऐकायचा, यासारखी मजा दुसरी नाही.

आमचे चौघे असे होते. पहिलं व्हायोलिन प्रांजलचं. ती कोयनानगरची, वडील वीजघरात. दुसरं व्हायोलिन बिराप्पाचं. तो जतकडचा, घरी मेंढरं. व्हायोला कृष्णातकडं. व्हायोला म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, जरा जाड आवाजाचा, मधे राहून वरच्याखालच्यांना बांधून ठेवणारा. आणि चेलोवर मी, राजनंदिनी. विषय फिजिक्स, त्यामुळं कशालाही कारण असतं असं मानणारी.

बिराप्पाची आजी अंबूबाई बिरोबाची एक ओवी गायची. ती चाल घेऊन सरांनी अख्खा उन्हाळा घालवून चौघांसाठी एक रचना बांधली. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांचीच गाणी वाजवली होती. ही त्यांची पहिली. दिवाळीची सुट्टी संपता संपता साताऱ्यात कॉलेजांच्या वाद्यसमूहांचा मेळा होता, तिथं ती आम्ही वाजवणार होतो. आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर कृष्णात फौजेत भरती झाला. आम्ही त्याला गुलाल लावून बेळगावच्या गाडीत बसवलं. दुसऱ्या दिवशी तिघंच वाजवायला बसलो आणि पहिल्या ओळीतच थांबलो. दात पडलेल्या जागी जीभ जावी तसे आम्ही सारखे त्या पोकळीत जात होतो.

सर म्हणाले, मधला आवाज नसला की तिघं नुसते तिघं उरतात. साताऱ्याला नाही म्हणून कळवू या. त्यांनी हे इतक्या शांतपणे सांगितलं की प्रांजलला रडू आलं. तिनेच मग सुचवलं, सुट्टीत सगळे कोयनेला चला, कॉलनीत जुना हॉल आहे, तिघांना जमेल असं काही करता येतंय का बघू. आमच्या हट्टाखातर सर आले.

हॉल साधा होता. लाकडी व्यासपीठ, वर पत्रा, एका बाजूच्या खिडक्यांतून झाडी आणि झाडीच्या फटीतून धरणाचं पाणी. सकाळी दहिवर इतकं पडायचं की खुर्च्या पुसून बसावं लागे. मधेच जमिनीतून एक हलकी कळ यायची, खिडकीची तावदानं किणकिणायची आणि प्रांजल न थांबता वाजवत राहायची. तिथं वाढलेल्यांना भूकंपाचं काही वाटत नाही.

पहिल्या सकाळी आम्ही दोनदा वाजवलं. दुसऱ्या वेळी मधल्या भागात मला बरं वाटायला लागलं. का ते कळलं नाही. फक्त माझ्या सुराला टेकायला काहीतरी मिळालं होतं. बिराप्पा वाजवताना हसत होता.

तेवढ्यात शेजारच्या क्वार्टरमधून प्रांजलची आई चहा घेऊन आली. सरांचा कप, आमचे तीन, आणि एक जास्तीचा. तिनं इकडंतिकडं पाहिलं.

"चौथा कुठं गेला गं? इतकं ग्वाड वाजवत हुता."

सरांनी तो कप आपल्याकडं घेतला आणि दोन्ही चहा ते प्याले.

मी त्या चौथ्या आवाजाचं कारण शोधायला लागले. पत्र्याचा घुमारा असेल, दोन व्हायोलिनांच्या सुरांतून तिसरा आवाज उठत असेल. असं होतं, पुस्तकात आहे. मी खिडक्या उघडायला लावल्या, खुर्च्या हलवल्या, पडदे सोडले. प्रत्येक वेळी तो आवाज आमच्याच मधे असायचा. खुर्च्या हलवल्या की तोही हलायचा. आणि घुमारा वाजलेलंच परत देतो. हा आमच्या आधी पाव मात्रा उचलायचा, मागं रेंगाळणाऱ्या मला हाताला धरून पुढं न्यायचा.

घाबरायला हवं होतं. पण खरं सांगते, त्या दिवसांइतकी मी कधी खूश नव्हते. सकाळी उठल्या उठल्या हॉलकडं पळत सुटायचो. कठीण जागा आपोआप सुटायच्या. प्रांजल, जी चुकली की दिवसभर स्वतःवर चिडायची, ती आता चुकली की खळखळून हसायची, कारण तिची चूक मधला आवाज लगेच झेलायचा आणि ती चूक न राहता सुरेल हरकत व्हायची. बिराप्पाने आपल्या आणि माझ्या खुर्चीमधे चौथी खुर्ची आणून ठेवली. सकाळी ती तोच पुसायचा.

रविवारी मला राहवलं नाही. मी बेळगावला फोन लावला. मनात एक भलतीच भीती होती, पण कृष्णात ठणठणीत होता, बटाटे सोलत होता. म्हणाला, इथं व्हायोला कुठला, रायफल हाय. मग त्यानंच आग्रह केला, वाजवा की जरा, कान सुकल्यात. मी फोन चौथ्या खुर्चीवर ठेवला. फोनला तरी तिघांचंच ऐकू जाईल, असा माझा हिशेब होता.

वाजवून झाल्यावर बिराप्पाने फोन उचलून स्पीकरवर घेतला.

"माझ्या जागी कुणाला घेतला रं गड्या?" तो बिराप्पाला म्हणाला. "लय भारी हाय. माझ्यापरीस भारी."

बिराप्पा म्हणाला, नवीन आहे, इथलाच आहे. त्याच्या आवाजात जराही कापरं नव्हतं.

त्या दिवशी चहाच्या वेळी मी सरांना सरळ विचारलं, तुम्हाला हे काय वाटतं. ते खिडकीतून पाण्याकडं बघत होते.

"बँडमध्ये एक शिस्त असते, राजनंदिनी. शेजारी कोण बसलाय ते विचारायचं न्हाई. सुरात हाय का, तेवढंच बघायचं."

"आणि साताऱ्याला?"

"साताऱ्याला आपण चाललोय," ते म्हणाले. त्यांचे डोळे लहान मुलासारखे झाले होते.

आमची एकच काळजी होती, तो हॉल सोडून येईल का. पाटणच्या रस्त्याला जीपमधे बिराप्पाने मधे थोडी जागा ठेवली होती. कुणी त्यावरून त्याची चेष्टा केली नाही.

साताऱ्याचं सभागृह भरलेलं होतं. बिराप्पाने आजीला जतहून आणवलं होतं. अंबूबाई पहिल्या रांगेत, डोईवर पदर, दोन्ही हात काठीवर. आम्ही व्यासपीठावर चार खुर्च्या मांडल्या आणि तीनवर बसलो. प्रांजलने श्वास घेतला, व्हायोलिनचा गज उचलला.

पहिल्याच सुरात तो आला.

त्यानंतरचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. आम्ही वाजवत नव्हतो, आम्हाला कुणीतरी वाजवत होतं. ओवीची चाल फिरून फिरून वर चढत गेली. शेवटाला, जिथं सरांनी लिहिलेलं संपतं, तिथं मधला आवाज थांबला नाही. एकट्यानंच आणखी एक कडवं गायला. आम्ही तिघं नुसता सूर धरून बसलो. मग टाळ्या. लोक उभे राहिले होते, आणि विंगेत सर रुमालात तोंड लपवून हसत की रडत होते, कळत नव्हतं.

खाली आल्यावर अंबूबाईनं आम्हाला ओळीनं उभं केलं. प्रांजलच्या गालांवरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली. मग माझ्या. मग नातवाच्या. मग तिनं आपले सुरकुतलेले हात बिराप्पाच्या शेजारच्या हवेत, थोडे वर, उंच माणसाच्या चेहऱ्याशी नेले आणि तिथंही बोटं मोडली. कडाकडा वाजली.

"श्येवटचं कडवं माझ्या आयचं हुतं," ती म्हणाली. "म्या कुणालाच दिलं न्हवतं. ग्वाड म्हटलंस बाबा."

मग काठी टेकत वळता वळता ती थांबली, पुन्हा त्याच रिकाम्या जागेकडं बघत.

"पर वाजवताना तू सारखा माघारी बघून कुणाला हात करीत हुतास?"

जीपमधे आम्ही गात परतलो. वाटेत उसाचा रस प्यायलो, सरांनी सगळ्यांना वडापाव खायला घातले. आजीचा प्रश्न कुणी काढला नाही.

सोमवारी कॉलेजात पुन्हा बसलो. बाहेर उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या, फरशीवर सकाळचं ऊन होतं. सर नवीन रचनेबद्दल भरभरून बोलत होते. प्रांजलने सूर दिला. बिराप्पाने तारा लावल्या, मी लावल्या. मधल्या रिकाम्या खुर्चीतून व्हायोला लागला. आम्ही गज उचलले.

तेव्हा कुणीतरी आणखी एक वाद्य लावायला घेतलं.

सावकाश, पहिल्यांदाच हातात धरल्यासारखं. चौघांत सगळ्यांत खालचा सूर माझा असतो. हा माझ्याही खूप खाली होता, कानापेक्षा पायाखालच्या फरशीला आधी कळणारा.

सरांनी फरशीकडं पाहिलं.

बिराप्पाने मागं वळून पाहिलं, हसला, आणि आपली खुर्ची थोडी अलीकडं ओढून जागा करून दिली.