बांधावरची मोजणी

सुदेश त्या रात्री फक्त कॅमेरा आणायला गेलेला. बाकी काही त्याच्या मनात नव्हतं.

टॉर्च बंद करा रे सगळे. आणि नील, मोबाईलचं लोकेशनपण बंद कर. हसू नकोस. कोल्हे यायला अजून तास आहे, तोवर मी एवढा खेकसतो का ते सांगतो. ऐकीव नाही, माझ्या ओळखीच्या माणसाची गोष्ट आहे. सुदेशची आणि धाकूची ओळख मीच करून दिलेली, आणि त्याचा मला अजून पस्तावा होतो.

सुदेश नौपाड्यातला. शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला. धाकू इथलाच, कळव्याचा. त्याच्या आजोबांची मिठागरं होती, त्यामुळे खाडीची प्रत्येक वाट त्याला डोळे मिटून माहीत. आधी दोघं रविवारी चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या, ते छोटे मासे, बघत बसायचे, पाणसाप बघायचे. मग कोल्ह्यांच्या नादी लागले. ठाण्यात कोल्हे आहेत म्हटलं की लोक आपल्यालाच वेड्यात काढतात, पण आहेत.

मोजायची त्यांची रीत साधी होती. उधाणाला पाणी चढलं की कोल्हे खारफुटीतून जुन्या बांधावर येतात. मधे ओहोळ. अलीकडे सुदेश, पलीकडे धाकू. टॉर्च फिरवायची, डोळ्यांची जोडी चमकली की हळूच आकडा बोलायचा. एकाने ‘एक’ म्हटलं की दुसऱ्याने ‘दोन’पासून पुढे. पाण्यावरून आवाज बरोबर जातो. अशी सहा वर्षं काढली दोघांनी, आणि आकडा नऊवर आणला.

धाकूची अट एकच होती. जागा कोणाला सांगायची नाही. कोल्ह्याचं शिंग घरात ठेवलं की भरभराट होते अशी एक येडपट समजूत आहे. अरे, कोल्ह्याला शिंग नसतंच. पण त्या नसलेल्या शिंगापायी जनावर मारतात. सुदेशने धाकूच्या हातावर हात ठेवून शब्द दिलेला. मी समोर होतो.

पुढे त्याला एक इसम भेटला. म्हणे तुमचे फोटो पुस्तकात छापू, मोठं नाव होईल, फक्त जागा एकदा बघायला हवी. सुदेशला नावाची भूल पडली. चहा पिता पिता त्याने कागदावर नकाशा काढून दिला. पुस्तक नाही, काही नाही. आठ दिवसांत, गणपती विसर्जन झाल्यावर, रात्री माणसं फासे घेऊन आली.

धाकूला चाहूल लागली. तो एकटा धावला. धावता धावता सुदेशला फोन करत होता. अकरा वेळा. सुदेश जागा होता, फोन हातात होता. त्याला कळलेलं काय झालं असणार ते. त्याने उचलला नाही.

नऊच्या नऊ कोल्हे मारले गेले; आज आपण बघायला आलोय ते नंतर दुसरीकडून आलेले. धाकू ओहोळाच्या चिखलात कमरेपर्यंत रुतला आणि वरून भरती आली. सकाळी ओहोटीला सापडला. सुदेशने त्याला खांदा दिला. धाकूची आई कमळाबाई त्याच्याच गळ्यात पडून रडली, तुझ्यासारखा भाऊ होता म्हणाली. तो गप्प राहिला. आम्ही सगळे त्याचं सांत्वन करत होतो. मूर्ख आम्ही.

तेव्हापासून त्याला एकच गोष्ट कुरतडत होती. मरायच्या आधी धाकूला कळलं होतं का, नकाशा कोणी दिला ते?

तर ती रात्र. बारा डिसेंबर २०२३, मंगळवार, अमावस्या. एखादा कोल्हा वाचलाय का बघायला सुदेशने खारफुटीला कॅमेरा बांधलेला. रात्री साडेबाराला मोठी भरती, कॅमेरा बुडाला असता. म्हणून अकराला बायकोला, शीलाला, सांगून निघाला. रिक्षाने पूल ओलांडला, मग बांधावरून चालत गेला. पाणी चढायला लागलेलं. वारा नव्हता.

कॅमेऱ्याची पट्टी सोडवायला त्याने टॉर्च लावली. समोर झुडपात डोळे चमकले. एक जोडी.

त्याला इतका आनंद झाला की सवयीने तोंडातून निघालं, "एक."

पलीकडून आवाज आला. "दोन."

सुदेशचा हात पट्टीवरच राहिला.

कोणी राखणदार असेल… मासे पकडणारा असेल… त्याने टॉर्च पलीकडे मारली. बांध रिकामा. नुसतं पाणी.

"तीन."

हळू आवाजात. घाई नाही. मोजताना धाकू बोलायचा तसाच.

"चार… पाच…"

आणि डोळे दिसत होते. प्रत्येक आकड्याला एक जोडी. झुडपात नाही. पाण्यावर.

"सहा… सात…"

सुदेशला पळायचं होतं. पण मनात तोही मोजत होता.

"आठ…"

सुदेशने टॉर्च परत पलीकडे मारली. बांध रिकामाच.

"नऊ."

संपलं, असं त्याला वाटलं. नऊच होते ना.

पलीकडच्या बांधावर टॉर्च लागली. पिवळा उजेड पाण्यावरून सावकाश सरकत अलीकडे आला. त्याच्या पायांवर. छातीवर. मग चेहऱ्यावर येऊन थांबला.

"सुदेश… फोन का नाय उचललास रं?"



"दहा," धाकू म्हणाला. आणि टॉर्च बंद झाली.

घरी कसा पोचला त्याला आठवत नाही. जिन्यातला दिवा गेलेला. शीलाने दार उघडून मोबाईलचा उजेड त्याच्या तोंडावर धरला, आणि मोबाईल तिच्या हातातून पडला. तिने त्याला सांगितलं काहीच नाही. आठव्या दिवशी मला बोलावून घेतलं.

सुदेशने मला सगळं सांगितलं, नकाशासकट. मला त्याची शिसारी आली. अजूनही येते. उठून जाणार होतो, तर शीलाने खोलीतला दिवा घालवला आणि माझ्या हातात टॉर्च दिली.

माणसाचे डोळे रात्री चमकत नाहीत, पोरांनो. फोटोत लाल दिसतात ते वेगळं. कोल्ह्याच्या डोळ्यांत असतो तो आरसा आपल्यात नसतोच.

मी दहा पावलांवरून त्याच्यावर टॉर्च मारली. अंधारात दोन डोळे पेटले, पिवळे, हिरव्या कडेचे. मी टॉर्च हलवली तसे ते हलले.

"काय दिसतं काका?" सुदेशने विचारलं.

मी टॉर्च बंद केली. म्हटलं, काही नाही.