मास्तरांची कात्री

एका पत्राला दादांनी कित्येक दिवस उत्तर दिलं नव्हतं. कपाटातल्या पुस्तकात ते तसंच दडवून ठेवलं होतं.

पत्र धाकट्या बहिणीचं. प्रश्न एकच. ‘दादा, त्या संध्याकाळी तो आवाज तूही ऐकलास ना? मुलगा म्हणतो, आईचं डोकं फिरलंय.’

घडलं ते खरं आहे. दादांसारख्या भित्र्या माणसाला असलं काही रचता येत नाही.

धाकटीचे यजमान शिंपी. सगळे त्यांना मास्तर म्हणत. त्यांचा एक दंडक होता... कात्री कापडाशिवाय कशालाही लावायची नाही. कागदालासुद्धा नाही.

मास्तर गेले. कात्री दुकानातल्या खिळ्यावर राहिली.

गल्लीत चोऱ्या होऊ लागल्या, तशी धाकटी ती उशीखाली घेऊन झोपू लागली.

आणि रोज सकाळी...

कात्री पुन्हा खिळ्यावर.

म्हणून दादा सोबतीला गेले.

त्या संध्याकाळी वीज गेली. दुकानामागच्या खोलीत दोघंच. धाकटीने कात्री उशीखाली सारली. मोडक्या कडीच्या मागच्या दाराला खुर्ची टेकवली, खुर्चीवर बटणांचा डबा ठेवला.

“चोर आला तर तू काय करशील रे दादा?”

“हा शब्दकोश आहे की. चांगला जाड आहे.”

“मारणार, की वाचून दाखवणार?”

दोघंही हसली.

तेवढ्यात...

डब्यातली बटणं वाजली.

खुर्ची सरकत होती. दाराच्या फटीतून एक हात आत आला.

धाकटीने उशी उचलली.

“दादा... कात्री नाहीये!”

दादांनी शब्दकोश उचलला. तो निसटून त्यांच्याच पायावर आदळला.

आणि मग...

कर्रर्र... कच्च.

जाड कापडातून कात्री चालवावी, तसा आवाज. सावकाश. अगदी दाराजवळून.

बाहेर कुणीतरी किंचाळलं. पावलं धडपडत लांब गेली.

मेणबत्तीच्या उजेडात दादा दुकानात डोकावले. कात्री खिळ्यावरच होती.

हलकेच झुलत होती...

मागच्या दाराशी बाहीचा तुकडा पडला होता. रक्ताचा थेंब नाही. कड सरळ, सफाईदार. मास्तर कापायचे तशी.

दादांनी तो गुपचूप खिशात घातला.

“ऐकलंस ना रे?” धाकटीने विचारलं.

“वीज येईल आता,” दादा म्हणाले.

काल भाच्याचा फोन आला.

“मामा, आईला वेड्यांच्या इस्पितळात ठेवायचं म्हणतोय. तुम्ही तिथं होतात. खरंच काही ऐकलंत का?”

“पत्राने कळवतो,” दादा कसंबसं म्हणाले.

आज त्यांनी कागद घेतला. ‘हो. मीही ऐकला. मुलाला हे दाखव.’ खाली सही केली. बाहीचा तुकडा सोबत ठेवला.

उरलेला कोरा कागद कापायला टेबलावरची कात्री उचलली...

आणि तशीच खाली ठेवली.

कागद हाताने फाडला. वेडावाकडा.

मग कोपऱ्यावर जाऊन पाकीट टपालपेटीत टाकलं.