फिल्टरवरचं अक्षर

"पोट आत घे," ताई कुजबुजली. "अख्ख्या ढिगामागून तुझं पोटच तेवढं दिसतंय."

"आत घेतलंय तेच हे," ढब्बू म्हणाला.

गॅरेजच्या कुंपणाशी जुन्या टायरांचा ढीग होता. त्यामागे तिघं दबा धरून बसली होती. तेरा वर्षांची ताई, तिचा धाकटा भाऊ छोटू आणि सुट्टीला आलेला मावसभाऊ ढब्बू. टायरांत साचलेल्या पाण्यातले डास तिघांनाही सारखेच चावत होते.

भानगड अशी होती. बाबांची रोपवाटिका होती आणि रोपं पोचवायला एक पिकअप. तीन लाख एकेचाळीस हजार किलोमीटर पळालेला. आई होती तोवर गाडीचं सगळं तीच बघायची. दर दहा हजार किलोमीटरना समोर उभं राहून ऑइल आणि फिल्टर बदलून घ्यायची. आई जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. आता दर रविवारी बाबा म्हणत, "गाडी मिस्त्रीला दाखवून येतो," आणि तासाभराने येऊन म्हणत, "झालं काम." पण मागच्या रविवारी ताईने ऑइल मोजायची पट्टी ओढून पाहिली, तर ऑइल काजळासारखं काळं.

"मिस्त्री बाबांना गंडवतोय," छोटूने निकाल देऊन टाकला होता.

म्हणून आज बाबा आंघोळीला गेल्यावर ताईने घाईघाईने बोनेट उघडलं आणि फिल्टर जिथे इंजिनाला बसतो, त्या सांध्यावर आईच्या नेलपेंटचा ठिपका लावला. फिल्टर काढला, तर ठिपका तुटणार. नाही तुटला, तर मिस्त्री सापडला.

पिकअप आला. पण फाटकातून आत गेला नाही. बाहेरच भिंतीला लागून उभा राहिला. बाबांनी इंजिन बंद केलं आणि ते तसेच बसून राहिले.

"उतरत का नाहीयेत?" छोटूने विचारलं.

दहा मिनिटं गेली. वीस गेली. बाबांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. आतून मिस्त्रीने हात केला, बाबांनीही केला. मग त्यांनी गाडी चालू केली आणि ते निघून गेले.

"झालं काम," ढब्बू हळूच म्हणाला. कोणी हसलं नाही.

"टायर पळवताय, की अंडी उबवताय?" मागे मिस्त्री उभा होता.

ताईने सरळच विचारलं. मिस्त्री हात पुसत उकिडवा बसला.

"वर्षभर बोनेट उघडलेलं नाही, बाई. मी दोनदा म्हटलं, गाडी आत घे. म्हणतो, पुढच्या रविवारी. मग मीही बोलायचं सोडलं. तुझी आई शेवटची आली, तेव्हाच पुढचे ब्रेक पॅड संपत आले होते."

"उद्या बाबा रोपं घेऊन घाट उतरणार आहेत," छोटू म्हणाला. "आम्हालाही नेणार आहेत."

मिस्त्री हात पुसता पुसता थांबला. "गाडी चालू स्थितीत आहे तोवर तो ऐकायचा नाही," मिस्त्री म्हणाला.

दुपारी बाबा झोपल्यावर ताईने पुन्हा बोनेट उघडलं. ठिपका शाबूत होता. या वेळी तिने नीट पाहिलं. फिल्टरच्या बाजूला पांढऱ्या रंगाच्या पेनने तिरकं अक्षर होतं. तारीख. ३,१८,२००. आणि खाली, "पुढच्या वेळी ब्रेक." अक्षर आईचं होतं.

तिने ते दोनदा वाचलं. मग म्हणाली, "ढब्बू, दहा नंबरचा पाना आण."

सोमवारी सकाळी रोपं भरून झाली. बाबांनी किल्ली फिरवली. गाडीने साधा हुंकारही दिला नाही.

"अरेरे, काका," ढब्बू म्हणाला. "बॅटरी गेली असणार. नाहीतर इंजिन. नाहीतर दोन्ही."

ताईने त्याच्या पायावर पाय दिला. छोटू केव्हाच सायकलवर टांग मारून मिस्त्रीकडे गेला होता.

मिस्त्रीने येऊन बोनेट उघडलं. बॅटरीच्या वायरीचं टोक सुटं होतं आणि नट शेजारीच बाटलीच्या झाकणात ठेवलेला होता. त्याने एकदा ताईकडे पाहिलं. "आधी चाक काढतो," तो म्हणाला.

पुढचं चाक निघालं. मिस्त्रीने ब्रेक पॅड बाबांच्या हातावर ठेवला. "पॅड कसला, नुसता पत्रा उरलाय. यावर पोरांना घेऊन घाट उतरणार होतास."

बाबा पालथ्या क्रेटवर बसले. त्यांनी पॅडकडे पाहिलं, मग तिघांकडे. मिस्त्रीने ऑइल काढायला घेतलं आणि फिल्टरला हात घातला.

"तो राहू दे," बाबा म्हणाले. "बाकी सगळं कर."

"अरे, ऑइल नवं आणि फिल्टर जुना?"

"राहू दे म्हटलं ना."

ताई पुढे झाली. "बाबा, मी वाचलंय ते. आईचं अक्षर."

बाबांनी हातातला पॅड उलटा केला.

"पण तिने ब्रेकचंही लिहिलंय. ते तुम्ही केलं नाहीत."

बाबा उठले. मिस्त्रीच्या हातातून पाना घेऊन त्यांनी स्वतःच फिल्टर फिरवला. तो घट्ट बसला होता. दोनदा जोर लावावा लागला, मग ठिपका तडकला. आतलं काळं ऑइल निथळून जाईपर्यंत त्यांनी फिल्टर दोन्ही हातांत धरून ठेवला. मग तो पुसला, अक्षर सोडून.

काम संध्याकाळपर्यंत चाललं.

"वायर कोणी सोडवली ते मी विचारत नाही," जाताना मिस्त्री म्हणाला. "पण नट हरवू नये म्हणून झाकणात ठेवला होता. माझ्या गॅरेजात एवढं कोणी करत नाही. हिची आई करायची."

"मला सांगायचं होतंस," बाबा ताईला म्हणाले.

"सांगितलं असतं, तर तुम्ही म्हणाला असतात, पुढच्या रविवारी."

"म्हणालो असतो," बाबा म्हणाले. "बरं केलंस." आणि त्यांनी गाडीच्या कप्प्यातलं आईचं पांढरं पेन काढून तिच्या हातात दिलं. "लिही."

नव्या फिल्टरवर तिने तारीख आणि मीटरचा आकडा लिहिला. अक्षर जरा तिरकंच आलं.

मंगळवारी चौघं दाटीवाटीने पुढे बसली. जुना फिल्टर घरी बियांच्या डब्यांशेजारी फळीवर होता, अक्षर बाहेर दिसेल असा. घाटाच्या पहिल्या वळणाच्या बरंच आधी बाबांनी ब्रेक दाबला. गाडी मुकाट हळू झाली. छोटूने ताईचा हात सोडला.

"लागतोय," बाबा म्हणाले.