एका मिनिटाचं वाचन

“एक बी शब्द नाई? एका मिनिटात एक बी नाई?”

पुनमनं शाळेचा कागद चुलीसमोर बसलेल्या नणंदेपुढे, रंभापुढे आपटला. पुनमची सात वर्षांची लेक दिव्यानी आत्याच्या पदरात तोंड खुपसून बसली होती.  त्या दिवशी शाळेत दुसरीच्या मुलांची वाचन-तपासणी झाली होती. चंचल मॅडमनी मोबाइलवर एक मिनिट लावून प्रत्येकापुढे चार ओळींचा उतारा ठेवला, आणि दिव्यानी अशी भेदरली की तोंडातून अक्षर फुटलं नाही, फ्रॉक मात्र ओला झाला! उद्या, शनिवारी सकाळी मॅडम तिला पुन्हा तपासणार होत्या, घरच्यांच्या समक्ष.

“तुम्ही तं सांगत होत्या बाई, पोरगी धडाधड वाचते म्हणून!” पुनम नणंदेवर कडाडली. “तुमच्या भरोशावर मी तिले इथी ठेवली. आता डॉक्टरले दाखवू का? माही पोरगी मंदबुद्धी हाये का?”

पुनम ऊर्जानगरला एका दवाखान्यात नर्स होती, शुक्रवारीच घरी यायची. तिचा नवरा, म्हणजे रंभाचा धाकटा भाऊ प्रफुल, मोहर्लीच्या गेटवर जंगल सफारीची जिप्सी चालवायचा, उजाडायच्या आत निघून जायचा. वैधव्य पदरी घेऊन माहेरी आलेल्या रंभानंच ही पोर अंगाखांद्यावर वाढवली होती... तीच तिचं सर्वस्व होती!

“उद्या बी नाई वाचलं तं चंद्रपूरच्या वसतिगृहात टाकू,” प्रफुल जमिनीकडे पाहत म्हणाला. “मी बोलून ठेवलं.”

रंभाच्या अंतःकरणात एक गुपित वर्षानुवर्षं सलत होतं... तिला स्वतःलाच वाचता येत नव्हतं! रोज संध्याकाळी दिव्यानी पुस्तक उघडायची, ओळींवरून बोट फिरवत काहीबाही बोलायची, आणि रंभा भाजी निवडता निवडता म्हणायची, “बरोबर. पुढचं वाच.” पोर चुकते की बरोबर वाचते, हे तिला कसं कळावं? खरं सांगितलं तर हे लोक पोरीला आपल्याजवळ क्षणभरही ठेवणार नाहीत... आणि नाही सांगितलं तर? 

सकाळी वर्गात चौघंही दाटीवाटीनं बसली. प्रफुलनं सफारीची फेरी दुसऱ्याला दिली होती. मॅडमनी कागद पुढे सरकवला. वर बकरीचं चित्र, खाली चार ओळी. “घाबरू नको बेटा. आज मिनिट नाही लावत. येईल तेवढं वाच.”

दिव्यानीनं आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. मग ओळीखाली बोट ठेवून ती घाईघाईनं बोलू लागली, “एक बकरी होती. ते जंगलात हरवली. सगळे तिच्यावर रागावले. तिले लय भेव लागलं... मंग तिची आत्या तिले शोधाले आली.”

पुनमचा चेहरा क्षणभर उजळला. पण मॅडमनी हळूच विचारलं, “इथं तर बकरीनं पाला खाल्ला असं लिहिलंय, बेटा. आत्या कुठं लिहिलीय, दाखव बरं?”

दिव्यानीनं कागद डोळ्यांपासून लांब धरला, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाली, “आज चष्मा नाई आणला मॅडम. तुम्हीच वाचून द्या.”

“चष्मा?” पुनम ओरडली. “इले कधी लागला चष्मा?”

रंभाच्या काळजात चर्र झालं! ते वाक्य तिचं होतं... बँकेत, रेशनच्या दुकानात, शाळेची चिठ्ठी आल्यावर, दर वेळी ती हेच म्हणायची. अशाच आठ्या घालायची! पोरीनं वाचणं म्हणून आपलं ढोंगच उचललं होतं. आता गप्प राहिले तर निष्पाप लेकराच्या कपाळी ‘मंदबुद्धी’ हा शिक्का बसेल, या जाणिवेनं ती धडपडून उठली.

“मॅडम, तिचा दोष नाई! चष्म्याचं सोंग माहं हाये... मले वाचता येत नाई. एक अक्षर बी नाई!”

“काय बोलून राह्यली बाई?” प्रफुल एकदम उठला. “माह्या लहानपणी तूच तं अभ्यासाले बसवत होती मले!”

“तू मोठ्यानं वाचत होता बाबू, मी नुसतं ‘बरोबर’ म्हणत होती.” रंभाच्या डोळ्यांतून धारा लागल्या. “माही शाळा दुसरीतच सुटली. माय धानाच्या रोवणीले जाये, तू सहा महिन्याचा होता. तुले कडेवर घेऊन वर्गात बसली, पण तू रडला आन् गुरुजीनं घरी धाडलं. मंग गेलीच नाई... तुले कोण पाहणार होतं? तुमची पोरगी हुशार हाये. घेऊन जा तिले, पण वेडी म्हणू नका!”

प्रफुलनं बहिणीचे दोन्ही हात धरले आणि त्यांवर कपाळ टेकवून तो लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला.

“वेडी कशाची?” मॅडम बकरीचा कागद उचलत म्हणाल्या. “चित्रावरून एवढी गोष्ट रचणारी पोर ही. तिला अक्षर आणि आवाज जुळवायला शिकवायचंय, बस. शाळा सुटल्यावर रोज अर्धा तास थांबवा.”

पुनमनं उठून दिव्यानीच्या शेजारचं छोटं बाकडं पदरानं पुसलं. “बाई,” ती खालच्या आवाजात म्हणाली, “तुम्ही बी बसा तिच्यासंगं. वसतिगृहाचं राहू द्या.”

रंभा बसली. मॅडमनी फळ्यावर एक अक्षर काढलं आणि तिच्याकडे पाहिलं.  त्या फळ्यासमोर ती पुन्हा सात वर्षांची झाली होती...

“प... नाई, म?”

“चुकलं. ‘भ’ आहे. पुन्हा बघा.”

दिव्यानीनं श्वास रोखून सगळ्यांची तोंडं न्याहाळली. आई रागावली नाही. बाबा रागावले नाहीत. आत्या चुकली, आणि कोणीच ओरडलं नाही! तिची घट्ट मिटलेली मूठ हळूहळू सैल झाली. फळ्याकडे बोट दाखवत ती अगदी हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली,

“मॅडम, ते अक्षर मले बी नाई येत.”