ओ दिल्याशिवाय

आमच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात विद्यार्थ्यांनी आधी सॉकेट मागितले. मग मोडक्या खुर्च्या बदलून मागितल्या. "मॅडम, इथे पुस्तकासाठी रांग लागत नाही, चार्जिंगसाठी लागते," असं एकाने भर बैठकीत सांगितलं तेव्हा ग्रंथपालसाहेबसुद्धा हसले. सुट्टीच्या महिन्यात ही दोन्ही कामं झाली. राहिली तिसरी मागणी, शांतता.

"ती तुम्ही बघा, बाई," साहेब मला म्हणाले. "तुमच्याइतकं कमी इथे कोण बोलतं?"

त्यात खोटं काही नव्हतं. संध्याकाळी घरी गेलं की देवापुढे दिवा लावायचा आणि माळ पुरी होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, हे माझं जुनं व्रत आहे. एरवीही दिवसभर मनात नाम चालूच असतं. घरातल्या पंख्यासारखं. फिरतोय याकडे लक्ष नसतं, पण थांबला तर लगेच कळतं. शांततेत देव असतो असं मी मानत आले. म्हणून हे काम मी प्रसाद मिळाल्यासारखं घेतलं.

तळमजल्यावर जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांची एक खोली होती. खिडकी नाही, भिंती जाड. गठ्ठे वर हलवले. सुताराने भिंतींना, छताला आणि दाराच्या आतल्या बाजूलाही दाबलेल्या लोकरीचा जाड राखाडी नमदा ठोकला. खाली जाड गालिचा घातला. दार आपोआप मिटावं म्हणून वर यंत्र बसवलं. दाराला छोटी काच होती, पण जाणारे-येणारे डोकावतात अशी विद्यार्थ्यांची तक्रार आली आणि तीही नमद्याखाली गेली.

काम संपलं त्या दुपारी सुतार बाहेर येऊन कानात करंगळी फिरवत उभा राहिला.

"काय झालं?"

"हातोडी पडली, बाई. पायाजवळच. पडलेली दिसली, पण आवाज आला नाही."

"मग काम चोख झालं म्हणायचं."

"झालं खरं," तो म्हणाला. उरलेला नमदा न्यायला तो पुन्हा आत गेला नाही. मदतनिसाला पाठवलं.

खोलीचं नाव 'शांत कक्ष' ठेवलं.

आता आमची एक जुनी रीत सांगायला हवी. ग्रंथालय बंद करताना मी प्रत्येक दालनाच्या तोंडाशी उभी राहून हाक मारते, "कोणी आहे का?" कपाटांमधून उत्तरं येतात. "आले, आले!" "दोन मिनिटं, मॅडम!" एक महाभाग रोज ओरडतो, "अजून जिवंत आहे!" मी नोकरीला लागले तेव्हाच्या ग्रंथपालबाईंनी मला बजावलं होतं, हाकेला ओ आल्याशिवाय दिवा मालवायचा नाही. ओ आली नाही तर आत जाऊन बघायचं. आजवर हे मी कधी चुकवलं नव्हतं.

शांत कक्षापुरती ती रीत मोडावी अशी मागणी माझ्या भाचीनेच केली.

ही माझ्या ताईची मुलगी. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेसाठी माझ्याकडे राहायला आलेली. लहानपणापासून तिची चिवचिव थांबत नाही, म्हणून आम्ही तिला चिमणी म्हणतो. मी मौनात बसले तरी ती माझ्यासमोर बसून दिवसभराचं सगळं सांगायची, मध्येच म्हणायची, "मावशी, भुवई वर केलीस, म्हणजे तुला पटलं नाही." ताईने तिला पाठवताना फोनवर म्हटलं होतं, "तुझ्या पदरात घालतेय. जशी देतेय तशी परत दे. बडबडीसकट."

"मावशी, तिथे नको ना हाक मारू," चिमणी म्हणाली. "आतली तंद्री लागते ती सोन्यासारखी असते गं. तुझ्या हाकेने फुटते. त्यापेक्षा दिवा लुकलुकव. आम्ही आपले येऊ बाहेर."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मौन मोडल्याचं दुःख मला नाही कळणार तर कुणाला? बाहेर एक बटण बसवलं. ते दाबलं की आतला पिवळा दिवा लुकलुकायचा, मुलं एकेक करून बाहेर यायची आणि दप्तरं बाहेरच्या मांडणीवरून उचलून जायची.

कक्ष पहिल्या आठवड्यातच भरून वाहू लागला. साहेब खूश झाले.

झाडणारी मावशी तेवढी कुरकुरली. ती झाडताना नेहमी गुणगुणते. "बाई, काल त्या खोलीत म्हणत होते आणि आज गाण्याची दुसरी ओळच आठवेना. पंचवीस वर्षं म्हणतेय मी ते गाणं. आतच राहिली जणू."

"वय झालं आपलं," मी म्हणाले.

ती हसली नाही.

मग मुलं. आधी ती बाहेर येताना कुजबुजायची, ते मला आवडायचं. पुढे कुजबुजही थांबली. 'जिवंत आहे' म्हणणारा मुलगा कक्षात बसू लागला तेव्हापासून काउंटरवर पुस्तक नुसतं पुढे सरकवायचा. मी नाव विचारलं तर क्षणभर माझ्या ओठांकडे बघत राहायचा.

घरी चिमणी जेवताना बोलेनाशी झाली. अभ्यासाचा ताण असेल, असं मी मनाला समजावलं. माझं मौन संपायचं, पण तिचं चालूच राहायचं. एका रात्री ताईचा फोन आला.

"ती नुसतं हो-नाही करते गं. भांडलात का तुम्ही?"

"नाही, ताई. अभ्यास करतेय."

"अभ्यास तर ती गाणी म्हणतही करायची," ताई म्हणाली.

मी चिमणीला म्हटलं, "उद्यापासून वरच्या दालनात बस, राणी." तिने मान हलवली. हो की नाही ते मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी बंद करायच्या वेळी मी बटण दाबलं. मुलं बाहेर आली, दप्तरं घेऊन गेली. मांडणीवर एक दप्तर उरलं. त्याच्या चेनला लाकडी चिमणी लटकत होती. ती मीच दिलेली.

पुन्हा बटण दाबलं. वाट पाहिली. मग दार ढकलून आत गेले.

ती टोकाच्या टेबलाशी बसली होती. पुस्तक उघडं, बोट ओळीवर. दिवा लुकलुकत होता आणि ती वाचत होती. मी दोन पावलं टाकली तेवढ्यात मागे दार मिटलं. मिटल्याचा आवाज आला नाही. कानांवर कुणी मऊ हात ठेवल्यासारखं वाटलं, एवढंच.

आणि माझ्या आत काहीतरी थांबलं.

काय थांबलं ते कळायला वेळ लागला. नाम थांबलं होतं. मी ते मनात म्हणू लागले. अक्षरं आठवत होती, पण आत उमटत नव्हती. लिहिता लिहिता शाई संपावी तसं.

मी हाक मारली. "चिमणे!"

घसा हलला. ओठ हलले. मला काही ऐकू आलं नाही.

पुन्हा मारली. जीव खाऊन मारली. "चिमणे, अगं चिमणे! चल बाहेर!"

तिने पान उलटलं.

मी धावत जाऊन तिचा दंड धरला. तिने वर पाहिलं. डोळे शांत होते. ओळखीचे नव्हते आणि अनोळखीही नव्हते. तिला उठवलं आणि वळले.

दार कुठे होतं?

चारी बाजूंना तोच राखाडी नमदा. मी तळवा टेकवून चालू लागले. कोपरा आला. पुन्हा नमदा. पुन्हा कोपरा. माझा श्वास मला ऐकू येत नव्हता. चालू आहे की नाही हे छातीवर हात ठेवून बघावं लागलं. आधी वाटलं होतं ही खोली लहान आहे.

मी हाका मारत राहिले. चिमणीला, देवाला. कुणालाच पोचल्या नाहीत.

मग बोटांना फट लागली. नखं खुपसून मी ओढलं.

बाहेर ट्रॉलीचं चाक करकरत होतं. त्या आवाजाने मला रडू आलं.

"वेळ कधी संपली?" चिमणीने विचारलं. कित्येक दिवसांनी तिने आपण होऊन तोंड उघडलं होतं. मी तिला पोटाशी धरलं, हाक मारायला तोंड उघडलं, आणि आवाज फुटला नाही. खोकले. "चल, बाळ," म्हणाले. ते नीट आलं. बाळ आलं, राणी आलं. तिचं नाव तेवढं येईना. नामही परत सुरू झालं होतं, पण दूर कुठेतरी, शेजारच्या घरात चालल्यासारखं.

मी साहेबांकडे गेले. खोली बंद करा म्हणाले.

"बाई, परीक्षा तोंडावर आलीय. एकच खोली मुलं मनापासून मागतात, आणि ती बंद करू? कारण काय सांगू?"

मी परत काउंटरवर आले.

चिमणीला मी घरीच बसवलं. चार दिवसांनी तीन-चार विद्यार्थी काउंटरवर आले. त्यातली एक मुलगी हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, शांत कक्षात त्रास होतोय."

"कसला?"

"कोणी बाई आत हाका मारते. सारखी. आवाज बाहेरून येत असेल."

"काय म्हणते?"

"'चिमणे, चल बाहेर.' बाकी काही नाही. तेवढं बंद करा ना. लक्ष लागत नाही."

साहेबांनी मागणीची तत्परतेने दखल घेतली. सुतार नाही म्हणाला, तेव्हा दुसरा आणला आणि नमद्याचा आणखी एक थर बसवला.

त्याच संध्याकाळी मी दिवा लावून माळ घेऊन बसले होते. चिमणी समोर होती. घरात काहीही आवाज नव्हता. एकाएकी तिने मान वर केली. चेहरा उजळला, अगदी पूर्वीसारखा.

"आले गं, मावशी!" ती म्हणाली.

माझ्याकडे बघून नाही. दाराकडे बघून.

ती उठली, चपला घातल्या. मी माळ टाकली. व्रत मोडून हाक मारली. ओठ हलले, बाकी काही नाही. धावत जाऊन मी तिचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

ती थांबली. रस्त्यात एखाद्या म्हाताऱ्या बाईने अडवावं तसं तिने माझ्याकडे नम्रपणे पाहिलं.

"अहो, सोडा ना," ती म्हणाली. "माझी मावशी बोलावतेय."