बसणाऱ्याचं माप

आमच्या शाळेतला इंजिनिअरिंग डिझाइनचा वर्ग मी चालवतो. ‘चालवतो’ हा शब्द जरा मोठा झाला. वर्ग मुलं चालवतात, मी करवतीजवळची बोटं मोजत फिरतो. तळमजल्यावरची लांबट खोली, दोन खिडक्या, भिंतीलगत कामाची टेबलं, भुशाचा आणि सरसाचा वास. समोरच्या भिंतीवर मी स्वतः ऑइलपेंटनं लिहिलेला नियम आहे : ‘ग्राहक नाही, तर वस्तू नाही.’

या नियमाला इतिहास आहे. पहिल्या वर्षी मुलांनी आपोआप झाकण उघडणारी कचरापेटी बनवली. ती कुणीही मागितली नव्हती. उघडायची ती कधीमधी, मिटायची मात्र हमखास, आणि नेमकी शिपाईमामांच्या अंगठ्यावर. तेव्हापासून प्रत्येक गटानं अडचणीत असलेला एक माणूस शोधायचा, त्याला भेटायचं, मापं घ्यायची, वस्तू करायची, त्याच्या तक्रारी ऐकायच्या आणि निमूटपणे पुन्हा करायची. बोटं वाकडी झालेल्या एका मावशींसाठी बरणी उघडायची चिमटी आमच्या मुलांनी केली. एका हाताच्या ग्रंथपालांसाठी पान धरून ठेवणारी फळी केली. मावशी अजून लोणच्याची बरणी उघडली की मला फोन करतात. मी मीटिंगमध्ये असलो तरी उचलतो.

यंदा मोठ्या बाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं. आमच्या मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाईच म्हणतात.

“संस्थेच्या अध्यक्षांना सभेसाठी हॉल हवाय. तुमची खोली त्यांच्या डोळ्यांत भरलीये.”

“आणि वर्ग?”

“तुमच्या वर्गाच्या प्रदर्शनाला ते स्वतः येणार आहेत. एक तरी वस्तू अशी दाखवा की त्यांची बोलती बंद होईल. नाहीतर पुढच्या वर्षीपासून तुम्ही भूगोल शिकवा.”

मला भूगोलाचा राग नाही. पण त्यात काही बनवता येत नाही.

माझी मुलगी याच वर्गात आहे. तिला सगळे फूटपट्टी म्हणतात, अंगकाठीमुळे नव्हे, स्वभावामुळे. वर्गात ती मला सर म्हणते, घरी बाबा, आणि चिडली की घरीही सर. तिच्या जोडीला डिंक्या. त्याचं एखादं बोट कायम कशाला तरी चिकटलेलं असतं.

“काय करताय?” मी विचारलं.

“खुर्ची, सर.”

“जगात खुर्च्या कमी आहेत का?”

“त्याला एकीतही बसता येत नाही.”

“कुणाला?”

“ग्राहकाला. मधल्या सुट्टीत येतो. त्या खिडकीपाशी उभा असतो बिचारा.”

डिंक्यानं मान हलवली. मला वाटलं, शाळेशेजारच्या इमारतीतला कुणी वृद्ध असेल. नियमात ग्राहकाबद्दल याहून जास्त काही लिहिलेलं नव्हतं.

मापं तिनं फळ्यावर लिहिली. टाचेपासून गुडघ्यापर्यंतची उंची माझ्या कमरेला लागत होती. खांदे मात्र लहान मुलाचे. उजव्या हातापुढे ‘कोपर पहिलं’ आणि त्याखाली ‘कोपर दुसरं’.

“माप चुकलंय,” मी म्हटलं. “पुन्हा घ्या.”

त्यांनी पुन्हा घेतलं. तेच आलं.

मग मी गप्प बसलो. तुम्ही याला मूर्खपणा म्हणाल, आमच्या वर्गात याला सभ्यता म्हणतात. ग्राहकाच्या शरीराबद्दल भोचक प्रश्न विचारायचे नाहीत, फक्त नीट मोजायचं, हे मीच मुलांच्या डोक्यात भरलं होतं. आता स्वतःच भोचकपणा कुठल्या तोंडानं करणार?

आधी पुठ्ठ्याची खुर्ची झाली. मधल्या सुट्टीनंतर पाहिलं तर तिची बैठक दबलेली होती, मधोमध नव्हे, कडेला, दोन खोल खळगे पडल्यासारखी. खोलीला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या खिशात. पुठ्ठ्याला ओल लागते, असं मी स्वतःला समजावलं. त्या आठवड्यात हवा इतकी कोरडी होती की माझे ओठ फुटले होते.

मग प्लायवुड आलं. बैठकीला फूटपट्टीनं सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या उभ्याआडव्या विणल्या, पलंगाच्या नवारीसारख्या. सांध्यांना खिळा नाही की स्क्रू नाही, खाचेत खाच. असा सांधा मला तिच्या वयात जमत नव्हता. या वयातही जमत नाही, पण हे तिला सांगू नका.

“पाठीत टोचतं म्हणाला,” ती एक दिवस म्हणाली, आणि पाठीची डावी बाजू कोरून काढायला बसली.

“डावीकडेच का?”

“तिथे त्याचं...” ती थांबली. “तिथे त्याला जागा लागते, सर.”

एका मधल्या सुट्टीत मी दाराच्या काचेतून आत पाहिलं. ऊन सगळ्या खोलीभर होतं. फूटपट्टी कानावर पेन्सिल खोचून, मान पार मागे टाकून, खिडकीच्या वरच्या चौकटीशी बोलत होती. मधेच ती हसली. डिंक्या गुडघ्यावर बसून टेपचं एक टोक जमिनीशी धरून होता. टेप सरळ वर गेली होती, ताणलेली. दुसरं टोक कुणाच्याच हातात नव्हतं.

पोलादी टेप थोडी लांबी स्वतःच्या बळावर ताठ उभी राहते. हे मी दरवर्षी शिकवतो.

ही टेप शिंप्याकडे असते तसली, कापडी होती.

मी दार उघडलं तशी ती खाली पडली. वळणं घेत, सावकाश.

“सर, निदान टकटक तरी करायची,” फूटपट्टी म्हणाली. “लाजतो तो.”

मी रागावलो नाही. खरं सांगायचं तर आधी मला अभिमानच वाटला. मोजताना ग्राहकाला सामील करून घ्या, त्याला ठोकळ्यासारखं उभं करू नका, हे मी आजवरच्या प्रत्येक तुकडीला सांगून थकलो होतो. पहिल्यांदा कुणीतरी ऐकलं होतं.

प्रदर्शनाच्या सकाळी खोली पालकांनी भरून गेली. अध्यक्ष आले. त्यांच्या पुढे त्यांचं पोट चालतं आणि मागे दोन माणसं, ते हसले की हसायला. खुर्ची मधोमध ठेवलेली होती, सगळ्यांपेक्षा उंच. मी तिच्याजवळ उभा होतो, म्हणून मला दिसलं की बैठकीच्या पट्ट्या खाली झोळल्या आहेत. आदल्या दिवशी मी त्या बोटानं टिचकी मारून पाहिल्या होत्या. तबल्यासारख्या ताठ होत्या.

“ही कुणाच्या मापाची? जिराफाच्या?” अध्यक्ष म्हणाले. मागची दोघं हसली. “ग्राहक कुठाय तुमचा?”

“बसलाय,” फूटपट्टी म्हणाली.

आता सगळेच हसले. मोठ्या बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे ‘भूगोल’ अशा नजरेनं पाहिलं.

“असं?” अध्यक्ष म्हणाले. “मग त्याला म्हणावं, ऊठ. आम्ही बसून बघतो.”

फूटपट्टी खुर्चीकडे वळली. माझ्याशी ती इतक्या मऊ आवाजात आजवर बोललेली नाही.

“जरा उठता का? पाहुणे आलेत.”

पट्ट्या वर आल्या.

आधी पुढच्या, मग मागच्या. पाय दुखणारा माणूस उठतो तशा, हळूहळू.

हसणं कुठे थांबलं ते कळलं नाही. अध्यक्षांनी हात पुढे करून बैठकीला टेकवला आणि लगेच काढून घेतला.

“गरम आहे,” ते म्हणाले. कुणालाच उद्देशून नाही.

मग त्यांची मान वर जायला लागली. वर, अजून वर. पंख्याच्या उंचीला ती थांबली. आणि आयुष्यात कुणासाठी बाजूला न झालेला तो माणूस पोट आत घेऊन अर्धं पाऊल सरकला, वाट द्यावी तसा.

दारापर्यंत जाऊन ते बोलले, तेही पाठमोरे.

“वर्ग चालू राहील. ही खुर्ची मात्र शाळेत नको. आजच हलवा.”

टाळ्या वाजल्या. डिंक्यानंही वाजवल्या, मग त्याचे तळहात सुटेनात. माझा ऊर भरून आला. भीती वाटली नाही का, असं मला पुढे बऱ्याच जणांनी विचारलं. वाटली ना. पण ती रांगेत बरीच मागे होती.

“त्याचं घर कुठे आहे? तिकडेच पोचवू,” मी टेम्पोवाल्याला फोन लावता लावता विचारलं.

“त्याला घर नाही,” फूटपट्टी म्हणाली. “मी विचारलं. म्हणाला, तुमच्याकडे चालेल.”

वर्ग वाचला होता. एका खुर्चीचं काय एवढं?

खुर्ची आमच्या बाहेरच्या खोलीत आली. बायको म्हणाली, “अगं बाई, ही झाडायची कशी? शिडी लावून?” पण दोनच दिवसांत तिनं झाडायचं सोडलं. आता ती खुर्चीच्या भोवतीनं केर काढते, आणि पायांपाशी आलं की पुटपुटते, “पाय वर घ्या जरा.”

माणसाला सगळ्याची सवय होते. आणि खोटं कशाला बोलू, मला त्यात एक सुखही मिळायला लागलं. मी शाळेतून येऊन दार उघडलं की पट्ट्या वर येतात. मी ‘बसा’ म्हटलं की खाली जातात. वर्गात हल्ली मास्तर आल्यावर कुणी उठत नाही, मोबाइल तेवढे खाली जातात. हा उठतो. रोज उठतो. मी दारातच जरा रेंगाळतो, चपला सावकाश काढतो.

काल संध्याकाळीही तसाच आलो. पट्ट्या वर आल्या. माझ्या मागे जिना रिकामा होता, ऊन शेवटच्या पायरीवर होतं.

“बसा, बसा,” मी म्हणालो.

पट्ट्या खाली गेल्या नाहीत.

मी पुन्हा म्हटलं. पट्ट्या ताठच. मी चपला काढल्या आणि दार लोटायला हात मागे नेला.

“बाबा,” फूटपट्टी वहीतून मान वर न काढता म्हणाली, “तो तुमच्यासाठी नाही उठलेला. दार नका लावू एवढ्यात.”

मी दार धरून उभा राहिलो.