चौऱ्याऐंशीचा आकडा

वळण संपलं, तरी तिन्ही यंत्रं गप्पच होती.

ओरिन व्हासेकनं पिकअपचा वेग कमी केला. समोरच्या काचेवर तीन कोरे रडार डिटेक्टर चिकटवलेले होते; पुढे पोलिसांची वेग मोजणारी रडार गन असली की ओरडून सावध करणारी यंत्रं. शेजारी दुकानाचं गिऱ्हाईक बसलं होतं. कोल्टरबाहेरच्या या वळणावर ती यंत्रं एकामागून एक ओरडायची. कोणतं किती आधी ओरडलं ते ऐकायचं आणि त्यातलं एक निवडायचं. अकरा वर्षं दर मंगळवारी चार वाजता हेच चालत होतं. वळणापलीकडे ओरिनची बायको लोईस घडीची खुर्ची टाकून बसायची. समोर तिपाईवर शेरीफच्या, म्हणजे तिथल्या पोलीस प्रमुखाच्या, लिलावातून घेतलेली जुनी रडार गन. तासाभराची शेरीफ, असं ती स्वतःला म्हणायची.

खुर्ची आडवी पडली होती. लोईस रस्त्याकडेच्या खंदकात होती. ओरिननं तिच्या मानेला हात लावून पाहिला आणि तिथंच बसून राहिला. फोन गिऱ्हाइकानं केला.

गन गवतात सापडली. आकडा धरून ठेवला की ती गन लहर सोडायची थांबते, म्हणून यंत्रं गप्प होती. पडद्यावर लोईसनं धरून ठेवलेला शेवटचा आकडा होता. चौऱ्याऐंशी. त्या रस्त्यावर पंचावन्न मैलांची मर्यादा होती.

शेरीफच्या हाताखालची डेप्युटी मार्लिस टॉफ्ट रस्ता दोनदा चालून आली.

"ब्रेकची खूण नाही," ती म्हणाली. "गन केव्हा सुरू करायच्या त्या?"

"पावणेचारला. तापायला वेळ लागतो तिला."

"म्हणजे तुम्ही येण्याआधी पंधरा मिनिटं रस्त्यावर लहर होती. यंत्र असलेल्या माणसानं काय केलं असतं?"

"अर्धा मैल आधीच पाय उचलला असता. सगळे उचलतात. म्हणून तर लोईसला इथं भीती वाटत नव्हती."

"मग मारणाऱ्याच्या गाडीत यंत्र नव्हतं."

"नव्हतं," ओरिन म्हणाला.

असं म्हणताना त्याला हायसं वाटलं. कोल्टरमधली बहुतेक यंत्रं त्याच्याच दुकानातली होती. बायको पांढऱ्या चादरीखाली होती, आणि आपला माल यात नाही म्हणून त्याला हायसं वाटलं. ते त्याचं त्यालाच कळलं आणि त्यानं मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी लायल ग्रीव्हला धरलं. तो धान्याचा ट्रक चालवायचा. एवढ्या मोठ्या ट्रकमध्ये हे यंत्र ठेवायला कायद्यानं बंदी आहे. ट्रकचा बंपर चेपला होता, त्यात केस अडकले होते. लायलचं म्हणणं, हरीण आडवं आलं. प्रयोगशाळेचं उत्तर यायला तीन आठवडे होते. मार्लिसनं ओरिनला एकच विचारलं. रिकामा ट्रक त्या वळणावर चौऱ्याऐंशीनं येईल का?

ओरिन जरा थांबला. "उतार आहे," तो म्हणाला. "येईल."

अंत्यविधीनंतर व्हर्नन पेल्टन घरी आला. दोघांची मैत्री शाळेपासूनची. व्हर्नन विमा विकायचा आणि दर मंगळवारी त्याच रस्त्यानं शेजारच्या गावी, वृद्धाश्रमात, आईला भेटायला जायचा. हातात बायकोनं करून दिलेल्या जेवणाचं भांडं होतं. यायला उशीर झाला, कारण तो खाणीच्या लांबच्या रस्त्यानं आला होता. आपली गाडी लिंकन शहरात दुरुस्तीला दिलीय, गियर अडकत होते, असं त्यानं न विचारताच सांगितलं. दारात व्हर्ननच्या बायकोची व्हॅन उभी होती. ओरिननं व्हर्ननला विकलेलं यंत्र आता तिच्या काचेवर होतं.

"त्या दिवशी मीही गेलो रे तिथून," व्हर्नन म्हणाला. त्यानं कॉफीला हात लावला नव्हता. "पावणेचार होऊन गेले असतील. नेहमीसारखं यंत्र ओरडलं, मी वेग सोडला. लोईसनं हात केला. मी थोडा वेळ थांबलो असतो तर."

"तुझा काय दोष?" ओरिन म्हणाला.

व्हर्नन रडला. ओरिननं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

ओरिननं दहाव्या दिवशी दुकान उघडलं. घरात बसवत नव्हतं. पहिली आली ती इस्पितळातली एक नर्स. तिनं चार महिन्यांपूर्वी घेतलेलं महागातलं यंत्र काउंटरवर ठेवलं. सुरुवातीला ते औषधाच्या दुकानासमोर रोज कोकलायचं, आता तिथं तोंड उघडत नाही. बिघडलंय, बदलून द्या, असं तिचं म्हणणं.

ओरिननं तिला समजावलं. हे तो प्रत्येकाला सांगायचा, न बघता, पाठ झाल्यासारखं. स्वस्तातलं यंत्र प्रत्येक दुकानाच्या आपोआप उघडणाऱ्या दारापुढे ओरडतं, कारण त्या दारांतही तीच लहर असते. मधलं जरा कमी ओरडतं. हे तिसरं शिकतं. एकाच जागी, तीच लहर, चार-पाच वेळा भेटली, की ही कामाची नाही असं ते ठरवतं आणि पुढे तिथं गप्प राहतं. सलग काही फेऱ्या ती लहर भेटली नाही तर विसरूनही जातं.

"म्हणजे खरा पोलीस तिथंच रोज उभा राहिला तर?" नर्स म्हणाली.

"आता पोलिसांच्या गनची लहर वेगळी असते. त्या लहरीवर यंत्र काही शिकत नाही. फक्त जुन्या गनची..."

नर्सनं दोनदा हाक मारली. तिचं यंत्र त्याच्या हातात तसंच होतं.

त्यानं दुकान बंद केलं आणि मार्लिसला फोन लावला.

पुढच्या मंगळवारी दुपारी त्यानं व्हर्ननला बोलावून घेतलं. एकदा त्या वळणावर जायचंय, एकट्याला जमत नाही, असं सांगितलं. येताना तुझं यंत्र आण, असंही म्हणाला. व्हर्नन नाही म्हणू शकला नाही.

पिकअपच्या काचेवर दोन यंत्रं होती. एक खोक्यातून काढलेलं कोरं, दुसरं व्हर्ननचं. एकाच जातीची.

"कोणासाठी चाचणी?" व्हर्नननं विचारलं.

"माझ्यासाठी."

अर्ध्या मैलावर कोरं यंत्र एकदा वाजलं, दोनदा वाजलं, आणि मग सतत कोकलू लागलं. व्हर्ननचं गप्प होतं. वळण आलं. पलीकडे लोईसच्या जागी, तिच्याच तिपाईवर ती जुनी गन सुरू करून मार्लिस उभी होती. व्हर्ननचं यंत्र गप्पच.

ओरिननं गाडी थांबवली. मार्लिस खिडकीशी आली.

"त्या दिवशी ते ओरडलं असं म्हणालास," ओरिन म्हणाला.

"ओरडलं होतं."

"नाही ओरडलं. त्याला ओरडता येत नाही इथं. लोईस दर मंगळवारी याच खुणेवर तिपाई लावायची. तू दर मंगळवारी याच वेळी जायचास, बाकी दिवशी कधी नाही. पाचव्या मंगळवारी यंत्रानं तिला औषधाच्या दुकानाचं दार ठरवलं. तेव्हापासून तू इथून वेग न सोडता जातोयस. बाकी सगळ्यांची यंत्रं ओरडतात. त्या लोकांना ती दिसायच्या आधी ऐकू यायची. तुला नाही. ब्रेकची खूण नव्हती ती याच्यामुळं. यंत्र नव्हतं म्हणून नाही. यंत्र होतं आणि त्याच्यावर विश्वास होता म्हणून."

व्हर्ननची नजर काचेवरच्या यंत्रावर गेली.

"खोटं बोललास तिथं फसलास," ओरिन म्हणाला. "यंत्र ओरडलं असं सांगितलं नसतंस, तर माझ्या डोक्यात आलं नसतं."

"तुमची गाडी सकाळी सापडली," मार्लिस म्हणाली. "लिंकनला नाही. तुमच्या मेव्हण्याच्या गोठ्यात, ताडपत्रीखाली. उजवा दिवा फुटलाय."

व्हर्ननचे हात मांडीवर होते. तो हातांकडेच बघत होता.

"मी थांबलो होतो," तो म्हणाला. "उतरलो. ती हलत नव्हती. मग मला तुझी पिकअप आठवली. चार वाजता येशील म्हणून पळालो."

"पुन्हा आला असतास या रस्त्यानं, लहर नसताना, चार-पाच वेळा, तर यंत्र विसरलं असतं. पुरावा राहिला नसता."

"नाही येववलं, ओरिन. आईला भेटायलाही खाणीकडून जातोय."

मार्लिसनं दार उघडलं. उतरताना व्हर्नननं मागे पाहिलं.

"ते ओरडलं असतं तर मी ब्रेक मारला असता."

"ठाऊक आहे. मीच ते निवडून दिलं तुला. हे उगाच ओरडत नाही, असं सांगून."

संध्याकाळी पाच वाजता लायल कागदाची पिशवी घेऊन तुरुंगाबाहेर आला. ओरिन पिकअपला टेकून उभा होता.

"घरी सोडतो," ओरिन म्हणाला.

"हरीण होतं ते. पहिल्या दिवसापासून सांगतोय."

"हो."

"माझा ट्रक सत्तरलाच धापा टाकतो. उतारावरसुद्धा. तुम्ही त्याचं इंजिन पाहिलंय. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

ओरिनला नाही म्हणता आलं असतं.

"ठाऊक होतं," तो म्हणाला. "पण मला तूच हवा होतास. तुझ्याकडे यंत्र नव्हतं म्हणून."

लायल पिशवी मागे टाकून आत बसला. काचेवर तीन गोल डाग होते, तिथं यंत्रं नव्हती. गाव मागे पडलं.

"आम्हाला ते ठेवता येत नाही," लायल म्हणाला. "त्यामुळं बघत चालवावं लागतं. मंगळवारी मॅडम दिसायच्या. हिरवी टोपी. माझ्यावर ती बंदूक रोखायच्या आणि हसायच्या. मी हॉर्न द्यायचो."

हे लोईसनं कधी सांगितलं नव्हतं.

वळण आलं. ओरिननं वेग वीसवर आणला. गवतात खुर्चीच्या पायांचे चार खड्डे अजून दिसत होते. त्याला तिकडे बघवेना, आणि नजरही काढवेना.

लायलनं त्याच्यापुढून हात नेला आणि हॉर्न एकदा दाबला.